ठाणे, एप्रिल १३२१ : मोह बोलण्याचा की मौनाचा?

१/ 'मोह' म्हटले की आपल्याला धन, सत्ता, देहसुख आठवते. परंतु ख्रिस्ती परंपरेतील एका अत्यंत अवघड मोहाची कथा सातशे वर्षांपूर्वी आपल्या ठाण्यात घडली. तिचे मूळ होते एका घरातील पती-पत्नीचे भांडण. #धागा

२/ आधी एक शब्द. मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत या ठिकाणी 'मोह' नव्हे, 'परीक्षा' हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. जे आपल्याला ओढते तेही, आणि जे आपल्याला कसोटीला लावते तेही. पुढची घटना समजण्यास हा दुहेरी अर्थ आवश्यक आहे.

३/ तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे फ्रान्सिस्कन संघाचे. सोबत जॉर्डनस हा डोमिनिकन. होर्मुझहून निघालेल्या या मंडळींना जायचे होते कोल्लमला. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणले. तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे होती, त्यांनी आसरा दिला.

४/ जॉर्डनस बाहेरगावी असताना यजमानाने पत्नीला मारले. ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांचा उल्लेख केला. पीटर सामानापाशी थांबला, बाकीचे तिघे हजर झाले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्मचर्चा सुरू झाली. अखेर प्रश्न आला : आमच्या प्रेषितांविषयी तुमचे मत काय?

५/ काही काळाने ठाण्याला आलेला प्रवासी ओडोरिक सांगतो की, पहिले उत्तर आडवळणाचे होते. प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा थॉमसने कठोर उत्तर दिले. मग उन्हात बांधणे, अग्निपरीक्षा. मलिकाने त्यांना खाडीपलीकडे पाठवले, पण रात्री मागावर माणसे गेली. ९ एप्रिलला तिघे मारले गेले, ११ एप्रिलला पीटर.

६/ जेम्स आगीतून सुखरूप बाहेर आला, हा भाग संतचरित्रांच्या ठरीव साच्यातला. शिवाय ही सारी साधने एकाच बाजूची, मिशनऱ्यांची आहेत. काझीची बाजू आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. दिल्लीच्या सुलतानाने पुढे मलिकालाच शिक्षा केली, असेही ओडोरिकच लिहितो. म्हणून ही कथा 'दोन धर्मांचे युद्ध' म्हणून वाचणे चूक ठरेल.

७/ आता खरा प्रश्न. थॉमसने मोह जिंकला की तो मोहाला बळी पडला? भीतीने गप्प बसणे हा एक मोह. पण हौतात्म्याची ओढ हाही मोहच! मृत्यूला स्वतःहून आमंत्रण देऊ नये, अशी शिकवण चर्चमध्ये आरंभापासून होती.

८/ खुद्द संत फ्रान्सिसच्या १२२१च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहण्याचे दोन मार्ग दिले आहेत. पहिला : वादविवाद न करता, सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढेच सांगणे. दुसरा : देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघड उपदेश करणे. १२२३च्या अधिकृत नियमावलीतून हा तपशील गळला. दुसरीकडे, १२२०मध्ये मोरोक्कोत मारले गेलेले पाच फ्रान्सिस्कन संघात आदर्श मानले जात होते. ठाण्यातील त्या चर्चेत हे दोन्ही वारसे थॉमसच्या पाठीशी उभे होते.

९/ मला मात्र पाचवा माणूस अधिक विचार करायला लावतो. जॉर्डनसने सोबत्यांचे देह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. (पुढे ओडोरिकने अस्थी चीनला नेल्या.) परत जाण्याची ओढ त्यालाही असणारच. तरी जानेवारी १३२४चे त्याचे पत्र ठाण्याहूनच लिहिलेले आहे. त्यात एकाकीपण आहे, हालअपेष्टा आहेत आणि आणखी सहकारी पाठवा ही विनंती आहे. १३२९मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले.

१०/ थॉमसची परीक्षा एका उत्तराची होती, जॉर्डनसची रोजची. १८९४मध्ये थॉमसला चर्चने 'धन्य' घोषित केले. रोज सकाळी उठून तिथेच राहण्याचा निर्णय घेणाऱ्याची नोंद इतिहासात सहसा पत्राच्या तारखेपुरतीच उरते. पुढच्या वेळी लोकलमधून ठाण्याची खाडी ओलांडताना ती तारीख आठवून पाहा.