श्वेतबटूंचा खटला

मृग नक्षत्राच्या पाठीशी तळपणारा व्याधाचा तारा आपल्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. हिवाळ्यात शेजारती आटोपून देवळाबाहेर पडणाऱ्या माणसास तो सहज दिसतो. परंतु त्या तेजस्वी ताऱ्यास एक सोबती आहे, हे नुसत्या डोळ्यांस कधीच कळले नसते. १८४४ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने व्याधाची चाल किंचित नागमोडी आहे, एवढ्यावरून त्या सोबत्याचे अनुमान केले. १८६२ साली अमेरिकेत आल्व्हन क्लार्क यांस तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. पुढे १९१५ साली वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. वस्तुमान सुमारे सूर्याएवढे, आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा! तेथील द्रव्याचा बोटाच्या पेराएवढा खडा एक टनाहून अधिक भरेल. अशा ताऱ्यांस श्वेतबटू हे नाव मिळाले. दिसावयास वामन आणि तोलावयास अवघड, असा हा बटू आहे.

या श्वेतबटूंवरून विसाव्या शतकात विद्वानांच्या सभेत जो वाद झाला, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहो. आमचा व्यवसाय वकिलीचा. ज्योतिषशास्त्रात आम्हांस अधिकार नाही. परंतु तज्ज्ञाचे मत न्यायासनापुढे ग्राह्य असले तरी ते न्यायासनास बांधून टाकीत नाही, हे तत्त्व आमच्या नित्य परिचयाचे आहे. त्या तत्त्वाची कसोटी पाहणारा असा प्रसंग आम्हांस दुसरा माहीत नाही.

या खटल्यातील वादी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला आणि शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झाले. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांचे चुलते. १९२८ साली जर्मन पदार्थवैज्ञानिक सोमरफेल्ड मद्रासेस आले असता या विद्यार्थ्याने त्यांची गाठ घेतली. आपण पुस्तकांत शिकलेले पुष्कळसे पदार्थविज्ञान आता मागे पडले आहे, हे त्यास त्या भेटीत कळले. तो खचला नाही. नव्या शास्त्राच्या अध्ययनास लागला. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ३१ जुलै १९३० रोजी त्याने मुंबई बंदरातून विलायतेस प्रयाण केले. वय अवघे एकोणीस.

त्या जहाजावरील मोकळ्या दिवसांत त्याने एका प्रश्नास हात घातला. ताऱ्याच्या पोटातील इंधन संपल्यावर त्याच्या स्वतःच्या भारास कोण सावरून धरते? केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी १९२६ साली उत्तर दिले होते. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. त्यांस दाटीवाटीने कोंबू लागले, की ते वेगाने धावून प्रतिकार करतात, आणि तोच दाब ताऱ्यास तोलून धरतो. चंद्रशेखर यांच्या ध्यानी आले, की दाटी फार वाढली म्हणजे हा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि तेथे आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे नियम लावावेच लागतात. ते लावताच गणिताने वेगळाच निकाल दिला. वस्तुमान एका ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की हा दाब पुरा पडत नाही. असा तारा श्वेतबटू होऊन शांत होऊ शकत नाही. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. विल्हेल्म अँडरसन आणि एडमंड स्टोनर हेही स्वतंत्रपणे अशा मर्यादेपर्यंत पोहोचले होते, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे. परंतु ताऱ्याच्या अंतरंगाचे संपूर्ण गणित उभे करून तो सिद्धांत पक्का करण्याचे श्रम चंद्रशेखर यांचे.

प्रतिवादी होते सर आर्थर एडिंग्टन. १९१९ च्या सूर्यग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा घेणाऱ्या मोहिमेमुळे त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती, आणि ताऱ्यांच्या अंतरंगाच्या शास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. १९३४ साली चंद्रशेखर हाताने फिरवावयाच्या गणकयंत्रावर आकडेमोड करीत, तेव्हा एडिंग्टन वारंवार त्यांच्या खोलीवर येऊन काम कोठवर आले याची चौकशी करीत. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे चंद्रशेखर यांनी आपला निबंध वाचला. लागलीच एडिंग्टन उभे राहिले आणि त्यांनी त्या सिद्धांताचा पायाच नाकारला. सापेक्षता आणि नवे पुंजशास्त्र यांचा असा संयोग विधिवत् विवाह नव्हे व त्याचे अपत्य औरस मानता येत नाही, अशा आशयाची कोटी त्यांनी केली. सभा हसली.

एडिंग्टन यांचा मुख्य मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, हे गणित खरे धरले तर मोठा तारा आकुंचत आकुंचत काही किलोमीटरांचाच उरेल, आणि अखेर त्याचे गुरुत्व इतके प्रबळ होईल की प्रकाशही बाहेर पडणार नाही. ताऱ्याने असे विपरीत वागू नये म्हणून निसर्गाचा काही नियम असलाच पाहिजे. ज्यास आपण आज कृष्णविवर म्हणतो, त्याच्या उंबरठ्यापर्यंत एडिंग्टन यांची बुद्धी पोहोचली होती. परंतु तेथून ते माघारी फिरले. निष्कर्ष अनिष्ट आहे, सबब पुरावा खोटा, असा हा युक्तिवाद झाला. असा युक्तिवाद न्यायालयांतही होतो, आणि तो बहुधा विद्वानच करतात. कारण निष्कर्ष कोठवर जातो हे त्यांसच दिसते.

त्यानंतर जे घडले ते अधिक खेदजनक होय. कोपनहेगनचे बोर व रोझेनफेल्ड, तसेच पाउली, या पदार्थवैज्ञानिकांनी चंद्रशेखर यांची बाजू खरी असल्याचे खाजगीत सांगितले. परंतु या वादात उघडपणे उतरण्यास ते तयार झाले नाहीत. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत एडिंग्टन पुन्हा विरुद्ध बोलले, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या रसेल यांनी चंद्रशेखर यांस उत्तराची संधी दिली नाही. दुसरा पक्ष ऐकून घ्यावा, हा न्यायाचा पहिला पाठ. तो त्या सभेत पाळला गेला नाही. डिरॅक, पायर्ल्स आणि प्राइस यांनी एडिंग्टन यांच्या आक्षेपाचे खंडन करणारा निबंध प्रसिद्ध केला, तो १९४२ साली.

चंद्रशेखर यांनी काय केले? १९३७ च्या आरंभी ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत रुजू झाले. १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर एक ग्रंथ लिहून त्यांनी आपले सर्व गणित पायरीपायरीने त्यात नोंदविले, आणि मग तो विषय बाजूस ठेवून ते तारकासमूहांच्या गतिशास्त्राकडे वळले. पुढे हीच त्यांची रीत झाली: एक विषय घ्यावा, अनेक वर्षे त्यात बुडून राहावे, शेवटी समग्र ग्रंथ लिहावा आणि नव्या क्षेत्रात पुन्हा विद्यार्थी व्हावे. एका पराभवाने त्यांस ही शिस्त लावली, असे आम्हांस वाटते. भांडत राहिले असते, तर त्यांचे उमेदीचे आयुष्य त्या एका मर्यादेतच कोंडले गेले असते.

निकाल कालाने दिला. १९६७ साली स्पंदतारे सापडले आणि श्वेतबटूपेक्षाही दाट अशा न्यूट्रॉन ताऱ्यांचे अस्तित्व मानणे भाग पडले. १९८३ साली चंद्रशेखर यांस विल्यम फाउलर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. २१ ऑगस्ट १९९५ रोजी ते शिकागो येथे निवर्तले. १९९९ साली अंतराळात सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेस ‘चंद्रा’ हे त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

परंतु आम्हांस त्या पारितोषिकाहून दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. १९४४ साली एडिंग्टन वारले, तेव्हा चंद्रशेखर यांनी त्यांस आपल्या काळातील श्रेष्ठ ज्योतिर्विदांत गणले. १९८२ साली एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीस केंब्रिजमध्ये त्यांच्यावर व्याख्याने द्यावयासही तेच उभे राहिले. त्यांनी गौरव हातचा राखून केला नाही, आणि जुना वादही झाकून ठेविला नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखावयाचा म्हणजे त्यांच्या मतापुढे पुरावा गुंडाळून ठेवावयाचा, अशी समजूत आपल्या सभासंमेलनांत वारंवार आढळते. आणि ज्यांस ती मानवत नाही, त्यांस वडिलांचा उपमर्द हा एकच मार्ग दिसतो. चंद्रशेखर यांनी एडिंग्टन यांचे मत सोडले, मान सोडला नाही.