डब्याखालची बॅटरी

काही वर्षांपूर्वी बडनेऱ्याजवळच्या एका खेड्यातील शाळेत आम्ही ग्रहणांविषयीच्या स्लाइड दाखवायला गेलो होतो. गावात वीज गेलेली होती. म्हणून जीपच्या बॅटरीला इन्व्हर्टर आणि त्याला १५० वॉटचा प्रोजेक्टर जोडला. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू जाईना, तेव्हा इंजिन बंद केले. कार्यक्रम दोन तास रंगला. निघताना मात्र जीपने एकदा 'टक्' केले आणि ती गप्प बसली. मुलांनी ढकलून सुरू करून दिली. ग्रहणापेक्षा त्यांना याचीच मजा अधिक वाटली असावी.

हिशेब सोपा होता, आम्ही तो आधी केला नव्हता एवढेच. १५० वॉटला १२ व्होल्टने भागले की साडेबारा अँपिअर येतात. इन्व्हर्टरमधील नुकसान धरून सुमारे १५. दोन तासांचे झाले ३० अँपिअर-तास. बॅटरी नवी असताना ७५ अँपिअर-तासांची होती, पण ती आता जुनी झाली होती. उरलेल्या विजेवर एखादा दिवा खुशाल जळला असता. डिझेल इंजिनाचा स्टार्टर मात्र, काही क्षणच का होईना, शेकडो अँपिअर मागतो.

बडनेऱ्याला परतल्यावर ही फजिती एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना सांगितली. त्यांची नोकरी ट्रेन लायटिंगमध्ये, म्हणजे डब्यांतील दिवे-पंख्यांच्या विभागात झाली होती. ते म्हणाले, "काऊन जी, इंजिनाची बॅटरी अन् दिव्याची बॅटरी एकच ठेवली होय? आमच्या रेल्वेत असं कुठं असते?"

त्यांचे म्हणणे खरे होते. बडनेरा हे मुंबई-नागपूर मार्गावरचे जंक्शन. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. येथे गाडी थांबली, अगदी इंजिन सोडून नेले, तरी जुन्या पद्धतीच्या डब्यातील पंखे फिरतच राहत. त्यांची वीज इंजिनाकडून येतच नसे. ती डब्याखालच्या पेटीतल्या बॅटरीतून येई.

ही पेटी तेथे येण्याआधी डब्यात तेलाचे दिवे असत. नंतर जर्मनीतील पिंच यांच्या पद्धतीने तेलापासून केलेला वायू दाबाखाली टाक्यांत भरून डब्याखाली बसवू लागले. उजेड चांगला पडे आणि खर्चही बेताचा, त्यामुळे रेल्वे कंपन्या तो सोडायला तयार नव्हत्या. पण अपघातात टाकी फुटली की लाकडी डब्यांची होळी होई. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसे मेली. त्यांत बहुसंख्य सैनिक होते. त्यांच्या गाडीत वायूचे दिवे होते. विजेचे दिवे त्याआधी तीस वर्षांपासून माहीत होते, हे येथे लक्षात घ्यावे.

फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट बनवला. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर ऑक्साइडचा लेप देऊन त्याची साठवणशक्ती वाढवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन-ब्रायटन मार्गावरचा 'बिअ‍ॅट्रिस' हा पुलमन डबा फोरच्या घटांवर आणि स्वानच्या दिव्यांवर उजळला. मात्र हे घट स्थानकावर भारित करून घ्यावे लागत. मग चाकाच्या आसालाच पट्टा लावून डायनामो का फिरवू नये, असा विचार पुढे आला.

विचार चांगला, पण अडचणी तीन. गाडी उभी राहिली की वीज बंद. गाडी वेगात धावली की व्होल्टेज वाढून दिवे जळणार. आणि गाडी उलट दिशेने निघाली की डायनामोची धन व ऋण टोके बदलणार. ही तिसरी अडचण समजून घ्यायला बडनेरा-अमरावती हा फाटा फार सोयीचा आहे. अमरावतीला रूळ संपतात, म्हणून गाडी आली तशी उलटी फिरते. वर अंतर जेमतेम दहा किलोमीटर. धावणे थोडे आणि उभे राहणेच जास्त!

लंडनच्या डेप्टफर्ड भागातील स्टोन कंपनीने १८९४ च्या सुमारास काढलेली तोड आम्हाला फार आवडते. त्यांनी डायनामो घट्ट न बसवता एका बाजूला टांगला. वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला की डायनामो पट्ट्याकडे ओढला जाई, पट्टा घसरे आणि डायनामोचा वेग तेवढाच राही. पुरेसा वेग येईपर्यंत डायनामो बॅटरीला जोडला जात नसे. नाही तर बॅटरीच त्याला मोटरसारखी फिरवत बसली असती. दिशा बदलताच टोके अदलाबदल करणारी योजनाही होती. सुरुवातीच्या स्टोन पद्धतीत डब्याखाली बॅटऱ्यासुद्धा दोन असत, म्हणजे भारित होणाऱ्या बॅटरीचे चढउतार दिव्यांपर्यंत पोहोचू नयेत.

भारतात डब्यांतील वीज आधी २४ व्होल्टची होती, पुढे ११० व्होल्टची झाली. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जवळजवळ पाचव्या हिश्शावर येतो आणि तारा बारीक चालतात. वर्गात करून घेण्याजोगे हे गणित आहे. डायनामोच्या जागी अल्टरनेटर व रेक्टिफायर आले आणि दिशेची अडचण मुळातच संपली. वातानुकूलित नसलेल्या डब्याला ४.५ किलोवॉटचा अल्टरनेटर आणि १२० अँपिअर-तासांची बॅटरी असे. नव्या एलएचबी डब्यांना वीज जनरेटरच्या डब्यातून किंवा इंजिनातून मिळते. तरी आणीबाणीच्या दिव्यांसाठी बॅटरी ठेवलेलीच आहे.

आम्हीही मग जीपमध्ये दुसरी बॅटरी बसवली, ती जाड पट्ट्यांची. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. त्या एकदम मोठा प्रवाह देतात, पण वारंवार रिकाम्या केल्या तर लवकर खराब होतात. दोन्ही बॅटऱ्या नुसत्या समांतर जोडल्या असत्या तर प्रोजेक्टरने दोन्ही रिकाम्या केल्या असत्या. म्हणून मध्ये एक रिले घातला. अल्टरनेटर वीज देऊ लागला की तो जोडतो, इंजिन थांबले की तोडतो. म्हणजे स्टोनचाच जुना स्विच. दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाजवळ एकेक फ्यूजही घातला. बॅटरी आम्ही सीटखाली ठेवणार होतो, पण त्या गृहस्थांनी हटकले. भारित होताना हायड्रोजन सुटतो आणि रेल्वेने ती पेटी डब्याबाहेर, हवेशीर का ठेवली हे त्यांनी तासभर समजावून सांगितले. आता ती मागच्या बाजूला, झरोके पाडलेल्या पेटीत आहे.