थरथरणारं इंजिन

उभी डिझेल गाडी थरथरू लागली, की आमच्या गल्लीतले मिस्त्री इंजिन चालूच ठेवून इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करत. आवाज पडला, तर तो सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही, तर दोष तिथेच. तुटलेली लय ओळखायला मी त्यांच्याकडेच शिकलो.

हे जमे, कारण बॉशचा १९२७पासूनचा पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नळीने डिझेल पुरवी. १९३६च्या मर्सिडीज २६० डी मोटारीतही तोच होता. १९९७मध्ये मोटारींत ‘कॉमन रेल’ आली, दाब तेराशे बारवर गेला. तिथे चालू इंजिनाचा नट सैल केला, तर डिझेलची धार कातडीत घुसते. म्हणून सिलिंडरांचा हिशेब आता संगणक देतो.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, कान नाही. दोष इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.