कागदाच्या कोपऱ्यातला शंकू

१९७९ साली पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका लहान कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात चाळीस ब्रॅकेट भंगारात गेलेले पाहिले. माप एकही चुकलं नव्हतं. फक्त प्रत्येक ब्रॅकेट आरशात दिसावा तसा उलटा झाला होता. ड्रॉइंग बाहेरून आलेलं. भोकं सगळी आरपार, त्यामुळे चूक लक्षात आणून देणारी तुटक रेषाही कुठे नव्हती. आमचे फिटर मिस्त्री म्हणाले, "साहेब, बाजूचं चित्र कुठल्या बाजूनं बघून काढलंय, ते कागदावर लिहायला काय होतं?"

त्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

वस्तू कागदावर उतरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या कोनाच्या रीतीत वस्तू आपल्या आणि भिंतीच्या मध्ये असते. तिची आकृती सावलीसारखी पलीकडे पडते. म्हणून डावीकडून दिसणारं रूप उजवीकडे काढतात. तिसऱ्या कोनाच्या रीतीत मध्ये काच असते. डावीकडून दिसणारं रूप डावीकडेच येतं. भूमितीच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. एकीचा कागद दुसरीने वाचला, की घोटाळा.

या विद्येला शास्त्राचं रूप दिलं फ्रान्सच्या गास्पार मोंज याने. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात तो साधा आरेखक होता. तटबंदीचं लांबलचक गणित त्याने रेषांनी झटपट सोडवलं, तेव्हा वरिष्ठ ते तपासायलाही तयार नव्हते. नंतर हीच पद्धत लष्करी गुपित ठरली. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये त्याने ती उघडपणे शिकवली. युरोपात पहिल्या कोनाची रीत रुळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका मात्र तिसऱ्या कोनाकडे वळली. त्यातली सोय उघड होती: लांब दांड्याचं डावं टोक कसं दिसतं, ते त्या टोकाशेजारीच पाहायला मिळतं. ब्रिटनने १९२७ मध्ये बीएस ३०८ हे आरेखनाचं राष्ट्रीय मानक काढलं.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिची आयएस ६९६ ही संहिता १९५५ मध्ये आली, १९६० मध्ये सुधारली गेली. दोन्ही वेळा शिफारस तिसऱ्या कोनाची. पण त्याच सुमारास राउरकेल्यात जर्मन, भिलाईत सोव्हिएत आणि दुर्गापुरात ब्रिटिश तंत्रज्ञ पोलाद कारखाने उभारत होते. जर्मनी आणि सोव्हिएत संघ, दोघेही पहिल्या कोनाचे. सत्तरच्या दशकातल्या सुधारणेत निवड वापरणाऱ्यावर सोपवली गेली. १९८८ मध्ये शाळा-महाविद्यालयांसाठी निघालेल्या एसपी ४६ ने पहिला कोन स्वीकारला.

या बदलांना धरसोड म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. दोन्ही रीती बरोबर असतील, तर निवड सत्यासत्याची उरत नाही. हाताला पडलेली सवय कुणी मोडायची, एवढाच प्रश्न उरतो. सर्वांत अवघड काळ मोकळिकीचा होता. समितीने न घेतलेला निर्णय तेव्हा दर कागदागणिक फिटरला घ्यावा लागत होता. आमचे चाळीस ब्रॅकेट त्याच काळातले.

खरा उपाय अंगठ्याएवढ्या जागेत मावतो. टोक कापलेल्या शंकूची दोन रूपं शेजारी-शेजारी काढायची: दोन समकेंद्री वर्तुळं आणि एक समलंब चौकोन. कोणतं कुठल्या बाजूला आहे, यावरून रीत कळते. भाषा कोणतीही असो, खूण वाचता येते.

त्या प्रकारानंतर आमच्या ड्रॉइंग ऑफिसने या खुणेचा रबरी शिक्का करून घेतला. शिक्क्याशिवाय कागद शॉपमध्ये द्यायचा नाही, असं ठरलं. मिस्त्री निवृत्त होईपर्यंत मी पाहत होतो: कागद हातात आला, की ते मापांच्या आधी कोपरा बघायचे.