पाण्याची मापे आणि माशांची घरे

जयपूर शहरात राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेल्या एका विस्तीर्ण वसाहतीला मानसरोवर हे नाव आहे. ज्या सरोवरावरून ते घेतले, ते ब्रह्मदेवाच्या मनातून जन्मले अशी पौराणिक श्रद्धा आहे. मनातून आलेल्या पाण्याला माप कोठले? जयपुरातला भूखंड मात्र बोलण्यात अजूनही गजानेच मोजला जातो. दशमान पद्धती स्वीकारणारा कायदा भारतात १९५६ साली झाला. पण गज आणि फूट ही मापे माणसांच्या बोलण्यातून हद्दपार झाली नाहीत. माणसाच्या घराबाबत जे घडले, तेच माशाच्या घराबाबतही घडले. काचेच्या मत्स्यपेटीला कोणत्या नावाने ओळखावे, हा वरकरणी दुकानदारीचा प्रश्न. परंतु त्याच्या तळाशी मोजमापांचा, कारागिरीचा आणि एका मुक्या जिवाच्या श्वासाचाही इतिहास आहे.

पाण्याच्या साठ्यांना नावे देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. कळशी, घागर, हंडा, रांजण या शब्दांतून आकार आणि आकारमान एकदमच डोळ्यांपुढे उभे राहते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजहून पुण्यात पाणी आणले गेले आणि ते हौदांतून खेळू लागले. या हौदांची नावे पाहिली तर काळा हौद रंगावरून, साततोटी हौद तोट्यांच्या संख्येवरून ओळखला जाई. त्यात पाणी किती मावते हे कोणी नावात गुंफले नाही. शनिवारवाड्यातील हजारी कारंजाला हजार तोट्या नव्हत्या. त्यांची संख्या १९७ सांगितली जाते. नावातील संख्या ही गणिताची नसून गौरवाची होती.

‘अॅक्वेरियम’ या शब्दाचा प्रवासही असाच वळणावळणाचा आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा, म्हणजे आपल्या विहिरीजवळची डोण, असा होता. इंग्लंडमधील निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध करून काचेच्या जलपेटीसाठी तो शब्द रूढ केला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ साली रद्द झाल्याने मोठ्या सपाट काचा स्वस्त झाल्या. सपाट काच आणि धातूची चौकट यांच्या संयोगातून चौकोनी पेटी हाच प्रमुख आकार ठरला. पुढे १९६० नंतरच्या दशकांत सिलिकॉनचा चिकट लेप आला, चौकट आणि पुट्टी मागे पडली आणि केवळ काचांच्या जोडणीतून पेटी उभी राहू लागली.

पेट्या ठरावीक आकारांत बनू लागल्या तसा नावांचा प्रश्न आला. अमेरिकेत पेटीचे नाव गॅलनवरून पडले. पण वीस गॅलनच्या दोन पेट्या निघाल्या: एक ३० इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, दुसरी २४ इंच लांब, १२ रुंद, १६ उंच. पहिलीला ‘लांब’ आणि दुसरीला ‘उंच’ असे विशेषण जोडावे लागले. गणित केले तर पहिलीत १९ गॅलनही मावत नाहीत. म्हणजे हा ‘वीस’ही हजारी कारंजाच्याच जातीचा. चाळीस गॅलनच्या एका रुंद, बुटक्या पेटीला ‘ब्रीडर’ म्हणतात. तिच्या नावात संख्येशेजारी पैदाशीचा हेतू येऊन बसला.

मराठी मुलखात रीत वेगळी पडली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात शोभिवंत माशांची दुकाने थाटली गेली. अशा दुकानांतली भाषा गॅलनची नव्हे, फुटांची. ‘दोन बाय एक बाय एक’ असे म्हटले की गिऱ्हाईक व कारागीर दोघांनाही पुरे. याचे कारण काचेच्या व्यापारात आहे. काच चौरस फुटाने विकली जाते आणि पेटी बांधणारा कारागीर पाणी नव्हे, काच कापतो. गंमत अशी की लांबी फुटांत राहिली, तरी जाडी मात्र ‘पाच एमएम’ अशी दशमान झाली. एका वस्तूच्या वर्णनात दोन राजवटी सुखाने नांदतात.

या पद्धतीचा एक गुण सहसा ध्यानात येत नाही. दोन घनफुटांच्या या पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. हेच माप ब्रिटिश गॅलनमध्ये साडेबारा आणि अमेरिकी गॅलनमध्ये पंधरा होते, कारण दोन्ही गॅलन भिन्न आहेत. फुटांत सांगितलेली पेटी मात्र कोठेही तीच राहते. शिवाय ती आपला आकार लपवत नाही. मासा जगतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर आणि हा वायू मुख्यतः पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. वरील दोन ‘वीस’ पेट्यांपैकी लांब पेटीचा पृष्ठभाग ३६० चौरस इंच, तर उंच पेटीचा २८८. उंच पेटीत पाणी अधिक, पण हवेशी त्याची भेट कमी. काचेवरील दाबही एकूण पाण्यावर नव्हे, तर पाण्याच्या उंचीवर ठरतो. म्हणून लांबी, रुंदी, उंची सांगणारे नाव कारागिराला सावध करते आणि माशाची बाजूही मांडते.

या साऱ्या नामावळीत सर्वांत लाडका आणि सर्वांत अभागी आकार म्हणजे गोल काचपात्र. अशा गोलाचा पृष्ठभाग अर्ध्या उंचीवर सर्वाधिक असतो. तो काठोकाठ भरावा तसा पृष्ठभाग आक्रसत जातो. म्हणजे मालकाने उदार होऊन जितके अधिक पाणी ओतावे, तितका सोनमाशाचा श्वास कोंडतो. इटलीतील मोंझा नगराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये असल्या पात्रांत मासे ठेवण्यावर बंदी घातली.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर खुले झाले आणि पिढ्यानपिढ्या शाळकरी मुलांनी तेथे काचेला नाक लावून समुद्र पाहिला. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा तेथील पारदर्शक बोगद्याचे वर्णन ‘बारा फूट लांब’ असेच झाले. पाहणाऱ्याला लांबी सांगितली गेली, लिटर नव्हेत. कारण चालत जाणारा माणूस आणि पोहत जाणारा मासा या दोघांनाही अंतरच कळते. पाणी किती आहे हे धन्याचे माप होय. किती पुढे जाता येते, हे त्यात राहणाऱ्याचे.