स्नायपर रायफलीचे पुनःस्थापन

सैन्यातून निवृत्त झालेल्या व नंतर फेरफार केलेल्या स्नायपर रायफलीस तिचे सेवाकालातील रूप परत देण्याचे कार्य. ली-एनफील्ड घराण्यातील .३०३ व्यासाची ‘क्र. ४ (टी)’ हे याचे बोधक उदाहरण होय. येथे मूळ रूप कोणते, हाच प्रश्न अवघड ठरतो. कारण ही रायफल मुळातच फेरफार करून घडविलेली होती. नेमात अचूक ठरलेल्या साध्या रायफली निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी त्यांच्या डाव्या अंगास दुर्बिणीसाठी दोन बैठकी बसविल्या, दस्त्यावर लाकडी गालटेकू लावला आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक ठोकला.

युद्धानंतर विकल्या गेलेल्या काही रायफलींचे पुढील लाकूड शिकारीच्या सोयीसाठी कापले गेले, दुर्बिणीही वेगळ्या झाल्या. लाकूड नवे घालता येते. जुळत्या क्रमांकाची दुर्बीण मात्र क्वचितच परत येते. अशा वेळी क्रमांक नव्याने ठोकणे हे पुनःस्थापन नसून बनावट होय. १९७० च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने यांपैकी काहींना ७.६२ मिमी. व्यासाची नळी बसवून ‘एल४२ए१’ हा प्रकार केला. त्यांना मागे नेल्यास सेवेचाच एक टप्पा पुसला जातो.

दुर्बिणीवरील अंतराच्या खुणा ‘मार्क ७’ काडतुसाच्या वेगानुसार आखलेल्या आहेत. काडतुसातील नोदक बदलले, की त्या चुकतात. (१९६४ मध्ये स्थापन झालेल्या भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचे उत्पादनही नोदकांचेच.) भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकांची दुरुस्ती वा रूपांतर परवान्याविना करता येत नाही.