दाणे नाहीत ना?

आपत्तीची नेमकी वेळ कुठली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी रात्री ८.३१ धरतो. ताई ८.२५ म्हणते, कारण पहिला घास तेव्हा गेला. भावोजींच्या मते सगळं दुपारी ३.२० लाच ठरलं होतं. इथे मी माझी वेळ धरून मागे जातो.

जुलै महिना, फ्लोरिडातलं ऑरलँडो. सई आठ वर्षांची, वजन चोवीस किलो. तिला काजू आणि पिस्त्याची अॅलर्जी. मी तिचा मामा, वेंगुर्ल्याचा. आमची काजूची बाग आहे, आणि भाचीच्या अंगाला नेमका तोच चालत नाही, यावरून घरात पुरेसे विनोद होऊन गेलेत.

सकाळी ६.१५, सव्वाचौदा तास आधी

ताई हॉटेलच्या खोलीत उभ्याउभ्या सिरियलच्या खोक्याची मागची बाजू वाचतेय. अटलांटात विकत घेताना तिने ते वाचलं होतं, घरी उघडताना वाचलं होतं, आणि सहलीच्या चौथ्या दिवशी पुन्हा वाचतेय. भावोजी मला कायदा सांगतात. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने पाकीटबंद खाण्यावर अॅलर्जी आणणारे मुख्य पदार्थ छापावे लागतात, २०२३ पासून तिळाची भर पडून ते नऊ झाले. 'नट्स' एवढं मोघम लिहून भागत नाही, काजू असेल तर काजू हे नाव घालावं लागतं. नारळालाही तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने नटांत बसवलं होतं, त्याला जानेवारी २०२५ मध्ये यादीतून काढलं, हे ऐकल्यावर मात्र मी चहाच्या पिशव्या शोधायचं सोडून मान वर केली. नारळाची बदनामी कोकणी माणसाला सहन होत नाही.

पाकिटाचा हा कायदा हॉटेलात वाढलेल्या ताटाला लागत नाही, असंही ते म्हणाले होते. ते मी कानाआड केलं.

सकाळी ८.५०

डिस्नेचं अॅनिमल किंगडम. गेटवर बॅगा तपासतात, पण घरचा डबा नेऊ देतात. ताईच्या खांद्यावर पाठपिशवी, तिच्यात केशरी पाऊच, पाऊचमध्ये अॅड्रेनलिनची दोन पेनं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड. कार्डावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत: हिला काजू आणि पिस्ता चालत नाही. पेस्ट, पावडर, तेल, कुठल्याच रूपात नाही. एकाच चमच्याने, एकाच कढईत, एकाच तेलातही नाही.

अशी पेनं आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनसुद्धा, दाबून धरायचं. सईने मला खोट्या पेनावर दोनदा करून दाखवलं. "मामा, निळं टोक आकाशाकडे, केशरी मांडीकडे."

दुपारी १२.१०

या पार्कात आनंदपूर नावाचं एक खोटं गाव आहे. पोपडे उडालेल्या भिंती, जुन्या पाट्या, झेंडे, सगळं बेतून जुनं केलेलं. शेजारी नकली एव्हरेस्ट, त्यावरून आगगाडी खाली कोसळते. मला हसू आलं. एवढा पैसा खर्चून हे आपल्या बसस्टँडची मागची बाजू बांधतात!

जेवायला बसलो आणि ताईने कार्ड पुढे केलं. वाढणाऱ्या मुलीने ते वाचलं आणि 'थांबा' म्हणाली. पाच मिनिटांनी पांढरा डगला घातलेला शेफ बाहेर आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने आधी सईशी हात मिळवला. मग प्रश्न. काजू आणि पिस्ता, की सगळेच नट? शेंगदाणा चालतो? तीळ? मागे त्रास झाला होता तेव्हा नक्की काय झालं होतं? बटाटे तळायच्या तेलात आणखी काय तळतात तेही त्याने आपण होऊन सांगितलं, आणि एक पदार्थ 'हा नको' म्हणून स्वतःच कापला. ताट त्यानेच आणलं. ठेवताना पदार्थाचं नाव घेतलं आणि कशाकशाशिवाय केलाय तेही म्हणाला.

मला हे सगळं थोडं नाटकी वाटलं, हे कबूल करतो. आमच्याकडे काजूची बी फोडताना टरफलातलं तेल उडून ओठ भाजले नाहीत असं पोर नसेल. चट्टे पडतात, साल निघते, आठवड्यात बरं होतं. सईची अॅलर्जी म्हणजे त्याचाच मोठा भाऊ, अशी माझी समजूत. ती साफ चूक. टरफलाचं तेल कातडी जाळतं. सईचं शरीर मात्र गरातल्या प्रथिनाला शत्रू समजतं. पेशी एकदम हिस्टामिन आणि बाकीचा दारूगोळा सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, श्वासनळ्या आवळतात. गर भाजला, शिजवला, तरी ते प्रथिन बहुतेक शाबूत राहतं.

दुपारी ३.२०

काली रिव्हर रॅपिड्स. गोल तराफ्यात बसवून नदीत फिरवतात आणि नखशिखान्त भिजवतात. त्यातून बाहेर येतोय तोच फ्लोरिडाचा रोजचा दुपारचा पाऊस. पाठपिशवीतून पाणी ओघळत होतं. कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटाची एक कड उसवली होती. शाई पसरून 'काजू'चा निळा डाग झाला.

भावोजी म्हणतात ती हीच वेळ.

संध्याकाळी ६.४०

खोलीत सगळं टॉवेलवर वाळत घातलं. कार्ड दिव्याखाली. पाऊच पुसून ताईने पर्समध्ये टाकलं. चार दिवस बर्गर, पास्ता, भाजलेली कोंबडी खाऊन सगळे कंटाळलेले. सई म्हणाली, "आईच्या हातच्यासारखं काहीतरी." पार्काबाहेर, गाडीने वीस मिनिटांवर एक भारतीय हॉटेल होतं. सुचवलं मीच.

संध्याकाळी ७.४०

गाडीत भावोजींनी एक प्रकरण सांगितलं. २०२३ साली डिस्नेच्याच आवारातल्या एका रेस्टॉरंटात जेवून एका डॉक्टर बाईंचा मृत्यू झाला. अॅलर्जीबद्दल परत परत विचारलं होतं, असं नवऱ्याचं दाव्यात म्हणणं. डिस्नेने उत्तर काय द्यावं? या गृहस्थांनी कधीकाळी आमच्या सिनेमे दाखवणाऱ्या अॅपचं सभासदत्व घेताना अटी मान्य केल्यात, तेव्हा कोर्ट नाही, लवाद. बोभाटा झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो पवित्रा मागे घेतला गेला. आम्ही सगळे 'काय ही माणसं' म्हणालो. मग गाडी पार्क केली. ताईने पर्स सीटवरच ठेवली. बसून जेवायचंच तर होतं, काचेतून गाडी दिसत होती.

रात्री ८.००, एकतीस मिनिटं आधी

दारात अगरबत्ती, गल्ल्यावर गणपती. वाढणाऱ्या पोराने आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "काका, मराठी का? मी मिरजेचा." संपलं. चार दिवस ताणलेली दोरी एकदम सैल पडली. ताई खुर्चीला टेकली. भावोजींनी फोन काढला. बोलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

मी काय बोललो ते शब्दशः आठवतं. "पोरीला अॅलर्जी आहे हां. दाणे-बिणे नाहीत ना कशात?"

"नाही काका, दाण्याचं काहीच नाही आमच्याकडे. बिनधास्त."

तो खरंच बोलत होता. मराठीत दाणे म्हणजे शेंगदाणे, आणि शेंगदाणा तर सईला चालतो! मी तिला चालणाऱ्या गोष्टीची चौकशी केली आणि न चालणारीचं नावसुद्धा घेतलं नाही. अॅलर्जीवाले 'नट' म्हणतात त्याला आपल्याकडे सोयीचा शब्द नाही. सुकामेवा म्हटलं तर त्यात बेदाणे-खारीक येतात, आणि सुकामेवा म्हणजे डब्यातला, वाटीतला. ग्रेव्हीत विरघळलेल्याला सुकामेवा कोण म्हणेल?

ताईने विचारलं, "सईला काय?" पालक पनीर ठरलं, त्यात कुठे काय असणार. मी पुढे जोडलं, "तिखट अजिबात नको हां. लहान आहे."

रात्री ८.०९

आत काय झालं ते त्या पोराने नंतर आम्हाला सांगितलं. रडत सांगितलं.

अशा हॉटेलात भाज्या शून्यातून होत नाहीत. सकाळी दोन-तीन मोठी पातेली लागतात. एक कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, एक मखनी, एक पांढरी. पांढरीत उकडलेला कांदा, मगज आणि काजू भिजवून वाटलेले. ऑर्डर आली की कढईत हे पळीपळीने जातं. त्यांच्या पालक पनीरमध्ये एरवी पांढरी नसते. पण मिरची पालकाबरोबरच वाटलेली, ती आता काढायची कशी? आचाऱ्याने स्वयंपाकघरात कुणीही करेल तेच केलं. पोरीसाठी आहे म्हणून मऊ केलं, एक पळी पांढरी घातली, वरून साय.

मी 'तिखट नको' म्हटलं नसतं तर त्या कढईत काजू पडलाच नसता. रात्री झोप मोडते ती याच वाक्याने.

रात्री ८.२१

भाजी आली. हिरवा रंग जरा फिका. कुणीतरी म्हणालं, छान दिसतेय.

रात्री ८.२५

पहिला घास. मी व्हिडिओ काढत होतो. तो अजून फोनमध्ये आहे.

रात्री ८.३१

"मामा, जिभेवर केस आलेत."

मी म्हटलं, पाणी पी.

लहान मुलं घसा खाजतोय असं म्हणत नाहीत. जिभेवर केस, तोंडात मुंग्या, गळ्यात बेडूक, असं काहीबाही म्हणतात. ताईला हे ठाऊक होतं, पण ती तेव्हा हात धुवायला गेली होती. ती परत आली तेव्हा सईच्या वरच्या ओठाची एक बाजू सुजलेली आणि गळ्यावर लाल गांधी.

८.३१ नंतर

पहिली दहा मिनिटं आम्ही घालवली. ताईच्या खिशात अॅलर्जीचं सिरप होतं, ते पाजलं आणि वाट पाहिली. गांधी तर आहेत, उतरतील. हे सिरप खाज शमवतं. बंद होणारी श्वासनळी ते उघडत नाही, पडणारा रक्तदाब वर आणत नाही. ते काम अॅड्रेनलिनचं, आणि तेही लवकर दिलं तर. हे ताई मला शिकवू शकली असती. स्वतःच्या पोरीच्या मांडीत सुई खुपसायची वेळ आली की माणूस आधी सिरप शोधतो.

त्यात माझी भर अशी की चूळ भरायला म्हणून मी सईला उभं करून बेसिनपर्यंत चालवत नेलं. तिथे ती ओकली आणि भिंतीला टेकून खाली घसरली. आवाज बसला होता. श्वास घेताना शिट्टी वाजत होती.

भावोजी गाडीकडे धावले. ८.४३ ला पहिलं पेन. फ्रॉकवरून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, ताईने. तिचा हात थरथरत नव्हता, ते मला अजून नवल वाटतं. मिरजेच्या पोराने तोवर ९११ लावून फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडची बाई शांतपणे सांगत होती: उभं करू नका, चालवू नका, श्वास लागत असेल तर टेकवून बसवा, पाय पसरून. ८.४९ ला फरक दिसेना तेव्हा तिच्याच सांगण्यावरून दुसरं पेन. त्यानंतर दीड-दोन मिनिटांत सई रडायला लागली. आवाज काढून, भोकाड पसरून. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

रुग्णवाहिका ८.५४ ला आली. दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं, कारण औषधाचा जोर ओसरल्यावर काही तासांनी हाच झटका पुन्हा येऊ शकतो. आला नाही. मिरजेचा पोरगा काम संपवून मध्यरात्री तिथे आला, दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना. ताईने त्याला हाताला धरून आणलं. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही काजू म्हणाला असता तर..." आणि थांबला.

मला लंडनमधली एक बातमी आठवत होती. २०१७ साली, अठराव्या वाढदिवसाला जेवायला गेलेला मुलगा. दुधाची अॅलर्जी आहे हे त्याने सांगितलं होतं. कोंबडी ताकात मुरवलेली होती, आणि मेनूवर ताकाचा उल्लेख नव्हता. तो वाचला नाही.

पहाटे सव्वापाचला वेंगुर्ल्याहून आईचा फोन. तिकडे दुपारचे पावणेतीन. तिला अर्धवट कळलं होतं.

"चेडू कसा आसा?"

बरी आहे, झोपलीय, म्हटलं.

"काय खाल्ल्यान?"

"पालक पनीर."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मागे पाऊस वाजत होता, आमच्या पडवीच्या पत्र्यावरचा. ती तिच्या आईच्या काळापासून काजूच्या बागेत राबलेल्या घरातली बाई. गर सोलणं, भाजणं, निवडणं, सगळं हाताखालून गेलेलं.

"अरे," ती म्हणाली, "पालकात काजू खंयसून इलो?"